शाळेआधीचे घर

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला नर्सरीत घातले नाही तर ते मागे पडेल, ही भीती आता तालुक्याच्या गावांतही पोचली आहे. तिला कायद्याचा मात्र आधार नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधी मूल शाळेत गेलेच पाहिजे, असे तो म्हणत नाही. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ या वयात खेळ आणि कृती यांवरच भर देते. तेव्हा सहाव्या वर्षापर्यंतचा निर्णय पालकांचा आहे. ज्या घरात मुलाला मोठ्यांचा निवांत वेळ मिळतो, तिथे ही वर्षे घरीच जावीत, असे मला ठामपणे वाटते.

घरी शिकवायचे म्हणून बैठकीच्या खोलीत फळा टांगायची गरज नाही. घरात रोज चालणारी कामे पुरतात. मटकी भिजत घालावी, दुसऱ्या दिवशी ती फडक्यात बांधावी आणि मोड येण्याची वाट मुलाने स्वतः पाहावी. जेवणाची पाने मांडताना माणसे मोजावीत. एक वाटी कमी पडली की तीच वजाबाकी. शेंगा सोलून बोटांना जी ताकद येते, ती पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. पहिल्या पावसानंतर वर आलेला मृगाचा किडा जवळून पाहावा, विणीच्या दिवसांत सुगरणीचा खोपा कसा वाढत जातो त्यावर नजर ठेवावी. वर्षभर एकाच पळसाकडे पाहणाऱ्या मुलाला पानगळ, फुले आणि मग पालवी हा क्रम पाठ करावा लागत नाही. त्यासाठी शेतघर नको. रस्त्याकडेचे झाड आणि गॅलरीतली कुंडीही चालते.

या विचाराची मुळे इथल्याच बालशिक्षणात आहेत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारला. माँटेसोरी पद्धतीचा दोघांचाही अभ्यास होता, पण तिची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी गावात काम सुरू केले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत पोचत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. पुढे कोसबाडला ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. जागा बदलली, साधने बदलली. मुलाकडे मनापासून लक्ष देणारे मोठे माणूस मात्र त्यांनी कुठेही वगळले नाही.

घरशिक्षणाची खरी किंमत हीच आहे. साहित्यावर फारसा खर्च होत नाही, वेळ मात्र भरपूर द्यावा लागतो, आणि आपल्याकडे तो बहुधा आईच्या आयुष्यातून काढला जातो. तिने नोकरी सोडायची आणि वडिलांनी संध्याकाळी मुलाची प्रगती विचारायची, ही रीत अन्यायाची आहे. शिवाय मूल घरात दोन पिढ्यांकडून जे काही शिकते, तेही त्यातून हरवते. वडिलांबरोबर बाजारात भाजी निवडणे, आजोबांबरोबर झाडांना पाणी घालणे हेही शिक्षणच आहे. समवयस्क मुलांची सोबतही हवी. भांडण मिटवणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे मूल केवळ मोठ्यांकडून शिकत नाही. शेजारच्या दोन-चार कुटुंबांनी आठवड्यातले काही दिवस वाटून घेतले तर ही उणीव भरून निघते.

ज्यांच्या घरी आईवडील दोघेही मजुरीला जातात, त्यांच्यासाठी चांगली अंगणवाडीच हवी. १९७५पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून तिथे आहार आणि आरोग्यतपासणीही मिळते. घरशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी अंगणवाडीला कमी लेखू नये, उलट तिच्या बळकटीसाठी आवाज उठवावा.

म्हणून अभ्यासक्रम शोधण्याआधी आईवडिलांनी समोरासमोर बसून दिवसाचे तास वाटून घ्यावेत. त्या वाटणीत दोघांचीही नावे असतील तर मुलाला निर्धास्तपणे घरी ठेवावे. नसतील तर जवळची मायाळू बालवाडी निवडावी. त्यात मुलाचे नुकसान नाही आणि आईचेही नाही.