दूधसागरचं डिसेंबरातलं पाणी

दूधसागर पाहायचा तर भर पावसाळ्यात, असं सगळेच सांगतात. जुलैत तो अंगावर येतो हे खरंच. समोरचा रेल्वेपूलसुद्धा तुषारांत दिसेनासा होतो. पण पावसाळ्यात सह्याद्रीचा कुठलाही कडा वाहतो. मला ओढ आहे ती डिसेंबरातल्या दूधसागरची. पाऊस कधीच परतलेला असतो, आभाळ निरभ्र, आणि तरी ३१० मीटरांच्या कड्यावरून पाणी पडतंच आहे. हे येतं कुठून?

कुळ्याहून पायी गेलं की उत्तर वाटेतच सापडतं. दहा-अकरा किलोमीटरांची ही जंगलवाट. जीपवाले धुरळा उडवत पुढे जातात, त्यांना जाऊ द्यावं. नदी पुन्हा पुन्हा आडवी येते. बूट हातात घेऊन गुळगुळीत गोट्यांवरून पलीकडे जावं लागतं. दोन्ही अंगांना माट्टी, किंदळ आणि बांबूची बेटं. एका वळणावर वाट सोडून थोडा आत गेलो आणि पाचोळा हाताने बाजूला केला. वरची पानं कुरकुरीत वाळलेली. खालची काळपट, नुसती जाळी उरलेली, एकमेकांना चिकटलेली. त्यांच्यामधून बुरशीचे पांढरे तंतू. आणखी बोटभर खाली माती ओली होती. मुठीत दाबली तर तिचा गोळा झाला.

जुलैतला पाऊस इथे होता. पानाफांद्यांवर त्याचा जोर मोडतो, पाचोळ्यात तो थबकतो, मुळांनी सैल केलेल्या मातीतून खडकाच्या भेगांत उतरतो आणि पुढे महिनोन्महिने ओढ्यांत झिरपत राहतो. उघड्याबोडक्या डोंगरावर तोच पाऊस माती सोबत घेऊन बघता बघता समुद्र गाठतो. भगवान महावीर अभयारण्याचं २४० चौरस किलोमीटरांचं रान आणि कड्यामागचं गोव्याच्या सीमेपलीकडचं जंगल ही या नदीची कोठी आहे. धबधबा म्हणजे त्या कोठीतून रोज निघणारा शिधा. तो आपल्याला उंचावरून पडताना दिसतो एवढंच.

हीच नदी खाली खांडेपार म्हणून वाहते. ओप्याच्या जलप्रकल्पातून तिचं पाणी फोंडा आणि तिसवाडीच्या नळांना जातं, उरलेलं मांडवीला मिळतं. पणजीत एप्रिलमध्ये नळ सोडणाऱ्याचं या पाचोळ्याशी असं थेट नातं आहे. दूधसागरची शोभा सगळे वाखाणतात, हे नातं मात्र फार थोडे सांगतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणूनच २०२० साली मोल्याचं हे अभयारण्य वाचवायला गोव्यातली तरुण मुलं उभी राहिली तेव्हा मला फार बरं वाटलं. कॅसलरॉक ते कुळे रेल्वेचा दुसरा मार्ग याच घाटातून न्यायचा होता. गाडीच्या खिडकीतून दिसणारा दूधसागर मलाही प्रिय आहे. पण मार्गासाठी डोंगराची कूस कापली की आतून झिरपणारं पाणी मध्येच उघडं पडतं, गटाराला लागतं आणि खालच्या ओढ्यापर्यंत पोचत नाही. झाडं दुसरीकडे लावून ती वाट पुन्हा जुळत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाकडून मिळालेली मंजुरी रद्द केली.