चालतें पण खोटें माप

शास्त्रपाठ : २ करिंथ १०:१२-१८



वरील पाठांत प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीला एक सूक्ष्म दोष दाखवितो. तेथें कित्येक शिक्षक असे होते कीं, ते आपलें माप आपल्याच गजानें घेत आणि मग आपणांस थोर म्हणवीत. हें शहाणपण नव्हे, असें पौल त्यांस सांगतो. मनुष्याची खरी पारख प्रभूकडून होते, स्वतःकडून नव्हे. हा पाठ आम्हीं अनेक वेळां शिकविला. परंतु त्याचा अर्थ आम्हांस एका जुन्या पिकअप गाडीनें शिकविला. सांगतांना लाज वाटते, तरी ती हकीकत सांगतों.

आमच्या मंडळ्यांच्या उपयोगास ही गाडी आहे. रविवारीं ती उपदेशकांस खेडोपाडीं पोंचविते. इतर दिवशीं आजाऱ्यांस दवाखान्यांत व धान्याचीं पोतीं बाजारांत नेते. डिझेलचा खर्च निघावा म्हणून दर किलोमीटरला १० रुपये घ्यावे, असें पंचांनीं ठरविलें आहे. मीटरवरील आंकडे पाहून वहींत नोंद होते. एके पावसाळ्यांत गाडीचा मागला ॲक्सल तुटला. नवा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मिस्त्रीनें मोडींत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा ॲक्सल आणून बसविला. गाडी चालूं लागली. घाट चढतांना तर पूर्वीपेक्षां अधिक जोर करूं लागली. मात्र ह्या खटपटींत मीटरची जुनी केबल तुटली, आणि कांटा शून्यावर निजून राहिला. दोन आठवडे आम्हीं रस्त्याचे दगड मोजून भाडें घेतलें. मग नवी केबल आली, कांटा उठला, आणि आम्हीं देवाचे आभार मानिले.

अकरा महिने लोटले. एके दिवशीं एक वृद्ध उपदेशक आमच्याकडे आले. त्यांच्या गांवाहून दवाखाना ४० किलोमीटर. तो रस्ता त्यांनीं तरुणपणीं सायकलीवरून शेंकडों वेळां तुडविलेला. हातीं पावती होती ४४ किलोमीटरांची. ते नम्रपणें म्हणाले, "पाळकसाहेब, गांव सरकलें कीं दवाखाना सरकला?" आम्हीं कांहींसें चिडून उत्तर दिलें, "काका, केबल कोरी आहे, कांटा चालतो आहे. यंत्र कशाला खोटें बोलेल?" त्यांनीं वाद घातला नाहीं. एवढेंच म्हणाले, "रस्त्याच्या दगडांना विचारूं या."

दुसऱ्या दिवशीं चालकानें सपाट रस्त्यावर कांटा ६० वर धरिला, आणि काकांनीं घड्याळ हातीं घेतलें. ताशीं ६० किलोमीटरांची गति असेल तर एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतचा किलोमीटर ६० सेकंदांत तुटला पाहिजे. लागले ६६. पुन्हां पाहिलें, पुन्हां ६६. कांटा ६० म्हणत होता तेव्हां आम्ही वास्तविक ५५ हूनही कमी गतीनें जात होतों.

कारण मिस्त्रीनें उलगडून दाखविलें. ह्या गाडींत मीटरची केबल चाकाला जोडलेली नसते. गिअरबॉक्सच्या मागल्या टोंकाशीं, मागला ॲक्सल फिरविणाऱ्या दांड्याला, ती एका लहान दातेरी चाकानें जोडलेली असते. केबल मीटरांतील लोहचुंबक फिरविते आणि त्याच्या ओढीनें कांटा सरकतो. ही युक्ति ओटो शुल्झे ह्या जर्मन गृहस्थानें १९०२ सालीं पेटंट केली. म्हणजे मीटर रस्ता मोजीत नाहीं, तें दांड्याचे फेरे मोजितें. जुन्या ॲक्सलांत मोठ्या चाकाला ४१ दांते व लहान चाकाला ११ होते. बदललेल्यांत मोठ्याला ४१ च, पण लहानाला १०. म्हणून गाडीच्या चाकाच्या एका फेऱ्यास पूर्वीं दांडा सुमारें ३.७३ वेळां फिरे, तो आतां ४.१ वेळां फिरूं लागला. दर १० फेऱ्यांमागें १ फेरा अधिक, आणि दर १० किलोमीटरांमागें १ किलोमीटर खोटा. उपाय लहानसाच होता. केबलच्या टोंकाचें २० दांत्यांचें चाक काढून २२ दांत्यांचें घातलें. दगडांपाशीं पुन्हां परीक्षा केली. ६० सेकंद बरोबर भरले.

बंधूंनो, पहिली गोष्ट ही कीं, बंद पडलेला कांटा कोणास फसवीत नाहीं. तो शून्यावर होता तोंवर आम्ही सावध होतों. फसविलें तें चालत्या कांट्यानें. ज्याची प्रार्थना बंद पडली आहे त्यास तें ठाऊक असतें, आणि तो एखादे रात्रीं रडून परत येतो. परंतु ज्याची उपासना चालू, गायन चालू, वर्गणी चालू, आणि माप मात्र खोटें, त्यास कोण जागें करील? लूक १८ मधील परूशी असाच होता. मंदिरांत त्याचा कांटा मोठ्या गतीनें चालला होता. जकातदाराचा शून्यावर होता. तरी देवाशीं नीट होऊन घरीं गेला तो जकातदार.

दुसरी गोष्ट. ॲक्सल बदलला, पण माप जुनेंच राहिलें. देवानें यहेज्केलाच्या द्वारें (अध्याय ३६) नवें हृदय देण्याचें वचन दिलें, आणि तें आम्हांस ख्रिस्तांत लाभलें. तरी हृदय नवें आणि गज जुना, असें आमच्यांत किती दिसतें! बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या झाल्या, तरी सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारितों. "शेजाऱ्यापेक्षां मी बरा" एवढ्यावर समाधान मानितों. आणि उपदेशक बंधूंनो, आपणही किती सभा, किती फेऱ्या, किती बाप्तिस्मे हें अहवालांत लिहितों. तें अवश्य लिहावें. पण ते दांड्याचे फेरे आहेत. किती घरांतून दारू गेली, कोणता भाऊ भावाशीं समेट पावला, कोणास देवाचें वचन स्वतः वाचतां येऊं लागलें, ह्यावरून रस्ता किती कटला तें कळतें.

तिसरी गोष्ट. ते दगड आम्हीं रोविले नव्हते, आणि आमच्या सोयीसाठीं ते सरकत नाहींत. आमोसानें पाहिलेला ओळंबा (अध्याय ७) प्रभूच्या हातीं होता, भिंतीच्या हातीं नव्हता. देवाचें वचन व ख्रिस्ताचें जीवन हे आमचे रोविलेले दगड होत. म्हणून कोणी वृद्ध बंधु नम्रपणें प्रश्न विचारील, तर आमच्याप्रमाणें चिडूं नका. कदाचित् त्याला प्रभूनेंच पाठविलें असेल.

मीटर नीट झालें, आतां हकीकत संपली, असें आम्हांस वाटलें. पण वही उघडली तेव्हां ५,५०० किलोमीटरांचें भाडें घेतलेलें दिसलें. खरे किलोमीटर ५,००० च. म्हणजे ५,००० रुपये आम्हीं गरिबांच्या पदरांतून अधिक घेतले होते. थैलींत दोन प्रकारचीं वजनें ठेवूं नयेत, असें अनुवादाच्या २५ व्या अध्यायांत सांगितलें आहे. आम्हीं तीं जाणून ठेविलीं नव्हतीं; पण ठेविलीं होतीं खरीं.

वहींत एका विधवेचें नांव होतें. आजारी मुलाला घेऊन तिनें दवाखान्याच्या सहा खेपा केल्या होत्या. सातव्या वेळीं भाडें जुळेना, म्हणून पहांटे मुलाला पाठीवर घेऊन ती एस. टी. गांठावयास कोसभर चालत गेली. तिचे २४० रुपये घेऊन आम्ही तिच्या दारीं गेलों. ती म्हणाली, "साहेब, मला वाटलें, मलाच मोजतां येत नाहीं." हें वाक्य आमच्या अंतःकरणांतून अजून गेलेलें नाहीं. आमच्या खोट्या मापानें तिचें धन तर नेलेंच, पण तिच्या खऱ्या मापावरचा तिचा विश्वासही नेला. यरीहोच्या जक्कयानें चौपट परत करण्याचें कबूल केलें. आम्हांस तेवढें साधलें नाहीं. ज्याचें त्यास परत केलें, आणि त्या मुलाच्या पुढील खेपा पंचांनीं विनामूल्य ठरविल्या.

तर प्रियजनहो, ह्या आठवड्यांत प्रत्येकानें आपली वही उघडावी. दुकानदारानें तराजू पाहावा, शेतकऱ्यानें मजुराची मजुरी पाहावी, उपदेशकानें आपला अहवाल पाहावा, आणि आम्हीं पाळकांनीं आपलें अंतःकरण पाहावें. माप चुकलेलें आढळल्यास तें दुरुस्त करावें, आणि चुकीनें घेतलेलें परतही करावें.

हे प्रभो, आमचा कांटा चालतो एवढ्यानें आम्हांस निश्चिंत होऊं देऊं नको. तुझ्या मापानें आम्हांस मोज, आणि जें दिसून येईल तें सुधारण्यास बळ दे. आमेन.