आगेऱ्याची कणसं

वसईच्या ख्रिस्ती गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो. नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि मग पीक घरात येतं.

अशाच एका गावातली गोष्ट. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, घरधनी ओटीवर कणसांची जुडी बांधत बसला होता. भरलेलं कणीस तेवढं ठेवायचं, पोचट बाजूला टाकायचं, सुकलेली पाती काढायची. माणूस वाईट नव्हता. रविवारची मिस्सा त्याने कधी चुकवली नव्हती, घरात रोज संध्याकाळी रोजरी व्हायची.

तेवढ्यात पायरीशी कापणीची बाई येऊन उभी राहिली. जव्हारकडून नवऱ्याबरोबर मजुरीला आलेली. डाव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली, तिच्यावर रक्त वाळून काळं पडलेलं.

“शेठ, उद्या गावाला जायचंय. दोघांचा दोन दिसांचा रोज राहिलाय.”

“सणाच्या तोंडावर काय मागतेस? एक दिवस तर अर्धा पावसातच गेला, त्याचाही हिशेब करायचाय. सोमवारी या.”

ती काही बोलली नाही. निघून गेली.

आतून म्हातारी आई बाहेर आली. शाळा तिने कधी पाहिली नव्हती. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत उपासना सुरू झाली, तेव्हा शास्त्रवाचन तिला पहिल्यांदा कळलं आणि जे कळलं ते तिने मनात जपून ठेवलं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आज्ञा आहे की गरिबाची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

“ही कणसं कोणी कापली?” तिने विचारलं.

“आपल्याच शेतातली आहेत, आई.”

“शेत आपलं. कापली कोणी?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “अगं, पैसे बुडवतोय थोडाच? सोमवारी देणारच आहे.”

“आणि सोमवारपर्यंत तिच्या पोरांनी काय खायचं? उपवासकाळात तू उपास करतोस तो तुझ्या मनाने. तिच्यावर का लादतोस? आधी तिचं दे, मग ही जुडी घराबाहेर काढ.”

वेदीपुढे हात जोडणं कुणालाही जमतं. श्रद्धेची कसोटी लागते ती दारात हक्काचे पैसे मागणारा उभा असतो तेव्हा. घरधन्याला ते त्या दुपारी उमगलं असावं. तो उठला, कपाटातून पैसे काढले आणि मोटारसायकल घेऊन मजुरांच्या गावाबाहेरच्या झापाकडे गेला.

बाईने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. “शेठ, अर्धा दिस पाऊस होता.”

“पाऊस काय तू पाडलास? तू कामाला आली होतीस ना?” मग त्याचं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. “चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ.”

दुसऱ्या दिवशी आगेरा झाला. त्या घरची जुडीही इतरांसारखीच चर्चमध्ये गेली. मात्र तेव्हापासून त्या घरात मजुरांचा रोज चुकता झाल्याशिवाय संध्याकाळची रोजरी सुरू होत नाही, आणि पावसात गेलेला दिवसही पूर्ण धरला जातो.