रस्ता रिकामा होता

हिवाळा लागला की आमच्या बालाघाटात एकच तक्रार दोन भाषांतून ऐकू येते. हिंदीत कोहरा, मराठीत धुके. वैनगंगेच्या काठाने ते पहाटे असे उतरते की दहा पावलांवरच्या झाडाचाही भरवसा राहत नाही. वर बैहरच्या पठारावर गारठा आणखी कडक; राज्यातल्या थंडीच्या बातम्यांत मलाजखंडचे नाव हटकून येते. आणि नेमक्या याच दिवसांत आमचे रस्ते भरलेले असतात. धान बांधीतून निघून पोत्यांत आलेले असते (आमच्याकडे शेतात धान पिकते, भात फक्त ताटात असतो), खरेदी केंद्रे सुरू झालेली असतात आणि नंबर लवकर लागावा म्हणून बंड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रीच घर सोडतात. बंडीला मागे दिवा नसतो. ट्रॉलीला तो असतो, पण पोत्यांखाली झाकलेला.

गेल्या डिसेंबरात नात्यातला एक भाचा पुण्याहून त्याची नवी गाडी घेऊन आला. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. पोट जमिनीला इतके टेकलेले, की आमच्या गल्लीतले दोन गतिरोधक ओलांडताना त्याला चार पोरांचा सल्ला घ्यावा लागला. गाडी देखणी होती, हे कबूल केले पाहिजे. एका यंत्रात इतकी बुद्धी, इतका नेमकेपणा ओतलेला पाहून आनंद होतो, आणि त्या आनंदाला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. चहा घेताना त्याने सांगितले की गोंदियाहून बालाघाटपर्यंत तो रात्रीच्या धुक्यात शंभरच्या खाली उतरलाच नाही. मी काही बोललो असेन. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मामा, रस्ता रिकामा होता. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. मग माझं चुकलं काय, ते तरी सांगा."

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. म्हणूनच तो मनातून जाईना.

पहिले उत्तर पदार्थविज्ञानाचे. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. समोर काही दिसले आणि पाय ब्रेकवर पडला, यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे 28 मीटर काहीही न करताच संपले. त्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट तर अंतर चौपट. अशा गाड्यांचे ब्रेक उत्तम असतात. कोरड्या, उबदार डांबरावर त्या शंभरच्या वेगातून पस्तीस मीटरच्या आसपास थांबतातही. पण तो पहिला सेकंद कितीही पैसे मोजले तरी विकत मिळत नाही. शिवाय थंडीची एक गंमत आहे. थंड हवा दाट असते, त्यामुळे इंजिनाला तिच्यातून प्राणवायू जास्त मिळतो आणि ते थोडे अधिकच जोर करते. उलट अशा गाड्यांचे उन्हाळी बनावटीचे टायर सात अंश सेल्सियसच्या आसपास आणि त्याखाली कडक होऊ लागतात. त्यांची पकड सुटते. त्यात रस्ता दवाने ओला. म्हणजे ज्या रात्री गाडीची ताकद वाढते, त्याच रात्री तिचे थांबणे अवघड होते.

पण हे गणित भाच्याला माहीत होते. तो अभियंता आहे. त्याचा प्रश्न पुढचा होता. धोका होता हे मान्य, पण घडले तर काहीच नाही. न घडलेल्या गोष्टीचा दोष कसा असेल?

तत्त्वज्ञांनी हा प्रश्न बराच उगाळला आहे. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघांनी इंग्रजीत त्याला 'नैतिक दैव' अशा अर्थाचे नाव दिले. दोन माणसे सारख्याच बेफिकिरीने गाडी हाकतात. एकाच्या वाटेत कोणी येत नाही, तो घरी जाऊन झोपतो. दुसऱ्याच्या वाटेत मूल येते. दोघांच्या वागण्यात तीळमात्र फरक नाही. तरी एकाला आपण फार तर उतावळा म्हणतो आणि दुसऱ्याच्या हातून मृत्यू झाला म्हणतो. हा फरक केला कोणी? दैवाने. मग नीतीचा निवाडा दैवाच्या हाती सोपवायचा काय?

आपला कायदा तो काही अंशी सोपवतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नुसत्या बेदरकार वाहन चालवण्याला कलम 281 खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद आहे. त्याच बेदरकारीत माणूस दगावला तर कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत. मधली साडेचार वर्षे चालकाच्या वागण्याची नव्हेत, समोर कोण होते त्याची आहेत.

मला वाटते, भाच्याची गफलत 'होता' या शब्दात आहे. (आमच्याकडचा मराठी माणूसही हिंदीच्या सवयीने 'रस्ता खाली होता' म्हणतो, ते असो.) रस्ता रिकामा होता हे त्याला कळले ते घरी पोहोचल्यावर. गाडी हाकत असताना त्याला ठाऊक होता तो फक्त दिव्यांच्या उजेडातला तुकडा, फार तर चाळीस मीटर. त्यापुढचा रस्ता रिकामा नव्हता. तो न दिसणारा होता. न दिसणाऱ्याला रिकामा मानणे हे त्याने केलेले काम आहे, आणि ते काम बंडी आडवी आली काय, न आली काय, पुरे झालेले होते. फळ आपल्या हाती नाही हे आपण गीतेच्या आधाराने उठता-बसता ऐकवतो, बहुधा हात झटकण्यासाठी. पण मग हाती उरते ते कर्मच, आणि त्याचा हिशेब फळाची वाट न पाहता मांडावा लागतो.

तरीही विल्यम्सचे म्हणणे मला पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे पोर्शे गाडीच्या धडकेत दोघे तरुण अभियंते गेले. दोघेही आपल्या मध्य प्रदेशचे, एक जबलपूरकडची, एक उमरिया जिल्ह्यातला. आमच्या इथे ती बातमी पुण्याची म्हणून नव्हे, घरची म्हणून वाचली गेली; नोकरीसाठी पुण्याला गेलेले मूल इथेही बऱ्याच घरांत आहे. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला, त्यात अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक संतापले आणि थोड्याच दिवसांत त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. संताप कशाचा होता? केवळ वागणे मोजायचे तर तसाच वेग त्या रात्री आणखी कितीतरी रस्त्यांवर होता. लोक मोजत होते ते दोन मृत्यू, आणि ते मोजू नका असे त्या आईबापांना कोण सांगेल? मला इतकेच म्हणायचे आहे की तसल्या वेगाने सुखरूप घरी पोहोचलेला माणूस निर्दोष नाही. त्याच्या दोषाला फक्त चेहरा मिळालेला नाही.

ज्या देशात ही पोर्शे तयार होते, तिथे काही महामार्गांवर वेगाला मर्यादाच नाही. आपले हौशी लोक तेवढेच ऐकून येतात. तिथलाच नियम असा आहे की जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, आणि धुक्याने दृष्टी पन्नास मीटरच्या खाली गेली की ताशी पन्नासच्या वर जाऊ नये. बर्फाच्या किंवा निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायरही 2010 पासून सक्तीचे आहेत. थोडक्यात, वेगाचे शौकीन म्हणून नावाजलेल्यांनीच न दिसणाऱ्याचा हक्क लिहून ठेवला आहे.

यावर आमचे एक वकील मित्र म्हणाले, "सगळा भार गाडीवाल्यावर का? बंडीवाल्याने मागे लाल पट्टी लावू नये काय?" लावावी. ट्रॉलीवाल्याने दिवा पोत्यांखाली झाकू नये, हेही खरे. पूर्वी बंडीच्या आसाखाली कंदील टांगत. तो गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही. पेंचजवळ महामार्गाचे महाराष्ट्रातल्या बाजूला रुंदीकरण झाले, तेव्हा जनावरांना ओलांडता यावे म्हणून नऊ ठिकाणी खालून वाटा ठेवल्या, आणि वाघ त्यांतून जातात हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. चांगलेच झाले. वाघाला पट्टी लावायला कुणी सांगितले नाही. रस्ताच त्याच्या बेताने बांधला. बैहरच्या रस्त्यावर, गांगुलपाऱ्याच्या घाटात, धानाच्या बंडीसाठी तशी वाट नाही. तिथे तिला त्याच डांबरावरून जायचे असते आणि मलाजखंडचे ट्रकही तिथूनच जातात.

आणि पट्टीची गोष्ट बंडीपाशी संपत नाही. पहाटे पाचच्या सुमाराला भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीकडे पाळीवर जाणारे सायकलींवर निघालेले असतात. कानाला मफलर, अंगावर शाल, बहुधा काळी किंवा तपकिरी, कारण तो रंग मळत नाही.