उसवलेल्या लोकरीची नोंद

बोईसरच्या हवेत लोकर विणणे हे तसे वेडेपणाचेच काम. इथे थंडी येते ती पाहुणी म्हणून. पहाटे दारात उभी राहते आणि ऊन चढायच्या आत, चहासुद्धा न घेता निघून जाते. एरवी आहेच तारापूर-चिंचणीकडून येणारा खारा वारा आणि अंगाला चिकटणारा उकाडा. सुया हातात धरल्या की तळव्यांना घाम सुटतो आणि लोकर पुढे सरकायला तयार होत नाही. तरीही आमच्या ओळखीच्या घरांतून, मग ते पालघरचे असो की डहाणूचे, लोकरीचे टोपडे आणि मोजे नसतील तर बाळंतविडा पुरा झाला असे कुणी मानीत नाही.

ह्या विणकामाची मी एक वही ठेवीत असे. काय विणले, कुणासाठी, टाके किती घातले, सुया कोणत्या नंबरच्या, लोकर किती लागली, एवढेच तीत असे. मध्ये बारा वर्षे ती वही मिटलेली होती. यंदा श्रावणात पुन्हा उघडली, तेव्हा घरातल्या आत्याबाई म्हणाल्या, "विणलंस ते विणलंस गं, लिहून कशाला ठेवायचं? देवाला वाहिलेल्या फुलांचा कुणी हिशेब ठेवतं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आत्याबाईंच्या मागे आपली सारी रीत उभी आहे. गोधडीवर शिवणारणीचे नाव नसते. दिलेले बोलून दाखवू नये, हे तर आपण पाळण्यात ऐकलेले. मग वही ठेवणे म्हणजे पुढल्या दाराने दान करून मागल्या दाराने त्याचे फळ पदरात घेणेच नव्हे काय?

पण वही उघडली गेली ती एका उसवण्यामुळे. धाकट्याचा निळा स्वेटर त्याला फारच आखूड झाला होता. लोकर चांगली, टाकवेना. एका दुपारी शिवण उलगडून मी तो उसवायला घेतला. मागावरच्या कापडात उभे-आडवे शेकडो धागे असतात. ते उसवू गेले तर हाती चिंध्याच येतात. सुयांवरच्या विणकामाचे तसे नाही. तिथे एकच धागा फासात फास अडकवीत गेलेला असतो. शेवटची गाठ सोडून धागा ओढला, की पाठ काय, छाती काय, बाही काय, तासा-दोन तासांत पुन्हा लोकर होऊन बसते. कुरळी वळणे तेवढी राहतात; लडी धुऊन, ओझे बांधून टांगल्या की तीही जातात.

कापड आणि धागे ह्यांवरून आपल्याकडच्या दर्शनकारांचे भांडण फार जुने आहे. सांख्य म्हणत, कापड धाग्यांत आधीपासूनच असते, विणकर ते प्रकट करतो इतकेच. नैयायिक म्हणत, छे! आधी नव्हते असे काहीतरी नवे जन्माला येते. सुट्या धाग्यांनी कुठे अंग झाकते? वेदान्त्यांना दोघांचेही पटत नसे. धाग्यांहून निराळे कापड म्हणून दाखवा पाहू, असे ते विचारीत.

माझ्यापुढे लोकरीचे पाच गुंडे होते. तराजूत घातले असते तर वजन स्वेटरएवढेच भरले असते. पण मी नैयायिकांच्या पक्षाची. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्या उशाशी बसून तो स्वेटर मी विणला होता, आणि बाहीवरची जाळीची नक्षी त्यांनी पडल्या पडल्या तोंडी सांगितली होती: दोन सुलट, धागा पुढे, दोन टाके एकत्र... पुढचे मला आठवेना. ती नक्षी त्यांनाच येत होती. बाही माझ्या हातांदेखत सरळ धागा होत गेली आणि नक्षी गेली. फुले दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलतात, आत्याबाई. नक्षीचे तसे नसते.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गात गेल्या. मुलाने आणि एका नातलगाने टिपून ठेवले, म्हणून त्या १९५१ साली गेल्यावर १९५२ मध्ये गाण्यांचे पुस्तक निघू शकले. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? आमच्या शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. असल्या कारखान्यात पाळी संपताना माणूस नोंदवहीत लिहितो आणि मगच घरी जातो. त्या पाळीतली वीज कुणाच्या पंख्यात, कुणाच्या दिव्यात केव्हाच संपून गेलेली असते. त्या नोंदीला कुणी आत्मप्रौढी म्हणत नाही. बाईने टाके मोजून लिहिले, की मात्र लगेच "हौस आहे हो!"

तरी आत्याबाईंचे एक म्हणणे मी मान्य केले आहे. 'कुणासाठी' हा रकाना नव्या वहीत नाही. त्या जागी 'कुणाकडून' असा रकाना आखला आहे. दिलेल्याचा हिशेब नको; घेतलेल्याचा असायला हरकत नसावी. पहिल्या पानावर जाळीची अर्धीच नक्षी लिहिली आहे, जेवढी आठवली तेवढी, आणि पुढे सासूबाईंचे नाव.

आत्याबाई हे सगळे ऐकून गप्प बसल्या. शेजारच्या सुनेच्या बाळंतविड्यासाठी मी मोजे घेतले आहेत, त्यातला एक उचलून त्यांनी उलटसुलट करून पाहिला, आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "ही टाच वळवायची रीत माझी आहे हं. लिहायचंच असेल तर नीट लिही."