पाव आटा

कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट अकराशे डी’ बनू लागली आणि तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. टॅक्सी म्हणून मुंबईतली तिची सेवा २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. पण घाटकोपर-मुलुंडकडे घरची पद्मिनी जिवापाड सांभाळणारी माणसं अजून आहेत. अशा गाडीचं ट्युनिंग कधी उभं राहून पाहावं. त्यात आपल्या रोजच्या कामाचं काहीतरी नक्की सापडतं.

या गाडीत पेट्रोल आणि हवेचं प्रमाण कॉम्प्युटर नाही, कार्बोरेटर सांभाळतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त गेलं की मिक्श्चर ‘रिच’ होतं. मग काळा धूर, प्लगवर काजळी आणि अ‍ॅव्हरेज खाली. पेट्रोल कमी पडलं की ‘लीन’. मग गाडी मिसिंग मारते. जुने मिस्त्री हे कानाने आणि प्लगच्या रंगावरून ओळखत. आता हौशी मंडळी सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर बसवतात. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, त्यावरून मीटर प्रमाणाचा आकडा दाखवतं. आपण आत काय घातलं याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. त्यातून बाहेर काय आलं, तेवढंच ते सांगतं.

जाणता माणूस आधी इंजिन चांगलं गरम होऊ देतो, चोक बंद करतो. मग मिक्श्चरचा पेच फक्त पाव आटा फिरवतो आणि हात काढून घेतो. आकडा जरा खालीवर होतो, मग हळूहळू एका जागी येतो. तोवर पेचाला हात नाही. गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरावं ते ठरवणारा ‘स्लो’चा पेच त्याच वेळी फिरवायचा नाही. दोन्ही एकदम फिरवले, तर कशाने काय झालं हेच कळत नाही. खरं कसब फिरवण्यापेक्षा या थांबण्यात आहे.

आपण घरात आणि ऑफिसात दिवसभर काही ना काही नीट करत असतो. मुलाला अभ्यासाचं सांगतो, नव्या सहकाऱ्याला कामाची पद्धत दाखवतो. मनात माया असते, म्हणूनच सांगतो. फक्त सांगून झाल्यावर थांबत नाही. पहिलं मुरायच्या आत दुसरं सांगतो, लगेच तिसरं. ऐकणारा गोंधळतो आणि आपल्याला वाटतं, सांगण्याचा काही उपयोगच नाही. आज एक करून पाहू या. ज्याला सांगायचं त्याला एकच गोष्ट सांगू, तीही थोडीशी. मग मागे सरू आणि संध्याकाळपर्यंत नुसतं पाहू. आपण काय बोललो ते नव्हे, समोरच्यात त्याचं काय झालं ते. चेहरा खुलला, काम सुरळीत झालं, तर तेवढंच पुरे. नाही जमलं, तरी बिघडलं काहीच नाही. पाव आटा उलटा फिरवायला कितीसा वेळ लागतो?