पाचवं कारण

तांबू गेली तेव्हा तिच्या तोंडात तुळशीचं पाणी मीच घातलं होतं. नऊ वर्षं झाली. मोहोपाड्याच्या अलीकडे आमचं घर, मागे गोठा, त्याच्यामागे पाताळगंगेकडे उतरत गेलेली भाताची खाचरं. तांबूचं ते सहावं वेत. आदल्या दिवशी व्याली, चीक भरपूर दिला, कॉलनीतल्या चार घरी मी खरवस पोचवला. दुसऱ्या पहाटे ती बसली ती उठेचना. मान वळवून कुशीवर टाकलेली, नाक कोरडं, डोळे विझल्यासारखे. आळीतली जाणती माणसं जमली. "वय झालं तिचं. भोग संपला," म्हणाली. जाणाऱ्या जिवाला कोरड्या तोंडानं पाठवू नये म्हणून मी तांब्यानं पाणी घातलं. तिला ठसका लागला, घशात घरघर सुरू झाली, आणि उजाडायच्या आत सगळं संपलं.

या दुखण्यात गाईला धड गिळता येत नाही, तोंडात ओतलेलं फुफ्फुसात उतरतं, हे मला नंतर गुरांच्या डॉक्टरांकडून कळलं. माझ्या हातात भक्ती होती, पण समोरच्या जिवाला काय होतंय हे मी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे आहे. भोग, प्रारब्ध, दैव हे शब्द उच्चारायचा अधिकार माणसाला कधी मिळतो?

उत्तर सासूबाईंनी दिलं. विनोबांच्या गीताईचा अठरावा अध्याय त्यांना तोंडपाठ. विनोबा आपल्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली जन्मलेले, याचं त्यांना फार अप्रूप. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं त्या अध्यायात सांगितलंय: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. ओसरीवर तांदूळ निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "दैव पाचवं आहे गं. आपण ते पहिलंच मोजलं."

मग मी उरलेली चार शिकायला लागले.

अधिष्ठान म्हणजे तो देह. एक लिटर चिकात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि गाईच्या सबंध रक्तद्रवात मिळून ते असतं जेमतेम तीन ग्रॅम. म्हणजे एका धारेला तिच्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट बाहेर जातं. तरुण गाय हाडांतून आणि चाऱ्यातून ते भराभर भरून काढते. चार-पाच वेतं झालेल्या गाईची हाडं सावकाश देतात. वासरासाठी ती स्वतःला रिकामी करते, आणि आपण त्यातला खरवस वाटतो. या दुखण्याला दुग्धज्वर म्हणतात, पण यात ताप नसतोच. अंग उलट गार पडत जातं. वय हे इथं खरंच एक कारण आहे. पण कारण म्हणजे निकाल नव्हे.

तांबूनंतरची आमची गाय चंद्री पाचव्या वेताला व्याली ती श्रावणात. रात्री दहाला मी गोठ्यात गेले. ती उभी होती, पण मागचे पाय सारखे बदलत होती, मांड्यांचं मांस थरथरत होतं. रवंथ बंद. मी तिचा कान मुळाशी धरला: पावसात भिजलेल्या चामड्यासारखा गार. थर्मामीटर लावला. गाईचं अंग एकशे एक डिग्रीच्या थोडं वर असायला हवं; पारा शंभरच्याही खाली होता. मुलानं 1962 या गुरांच्या हेल्पलाइनला फोन लावला, मग ओळखीच्या डॉक्टरांना. तोवर चंद्री बसली होती. आडवी पडली तर पोट फुगतं, पोटातलं पाणी घशाशी येतं. म्हणून पेंढा भरलेली पोती दोन्ही कुशींना लावून तिला छातीवर बसती ठेवली. तोंडात काही घातलं नाही. कास रिकामी केली नाही.

डॉक्टर बाराच्या पुढे पोचले. कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरून त्यांनी मानेच्या शिरेत सुई घातली. एका हातात नळी, दुसऱ्या हातानं छातीवर स्टेथोस्कोप. "वहिनी, घाई केली तर काळीज थांबतं," म्हणाले. थेंब थेंब. अर्धी बाटली गेली आणि चंद्रीनं ढेकर दिला. मग शेण टाकलं. नाकावर दवासारखे थेंब आले. तासाभरात ती पुढच्या गुडघ्यांवर सावरली, उठली आणि वासराला हुंगलं.

डॉक्टरांनी चहा घेताना सांगितलं की सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत अशा गाई बहुतेक दगावतच. 1897 साली डेन्मार्कच्या श्मिट नावाच्या पशुवैद्यानं कासेत औषध भरून त्या उठवून दाखवल्या. पुढे नुसती हवा भरली तरी पुरतं असं दिसलं. कास ताणली की दूध उतरायचं थांबतं आणि कॅल्शियम रक्तात राहतं. त्याआधी कित्येकांनी मान वळवून बसलेल्या गाईकडे बघून दैवच म्हटलं असेल. तसंच, आमची पाताळगंगा वैशाखातही आटत नाही ही गंगामाईची कृपा, असं आम्ही लहानपणी म्हणायचो. ते पाणी घाटावरच्या तलावांचं, टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं. दैवाची हद्द माणूस बघायला, शिकायला लागला की मागे सरकते. यानं देव लहान होत नाही. त्याच अठराव्या अध्यायात गोरक्षण हे शेतीच्या शेजारी, कामांच्या यादीत आहे. ते हातानं करायचं काम आहे.

पण हद्द संपतेही. 1928 साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं, उपाय उरला नव्हता. गांधीजींनी डॉक्टरांकरवी त्याला सुईनं कायमचं शांत केलं, आणि देशभरातून राग ओढवून घेतला. त्यांचा निर्णय मला अजून पेलत नाही. मात्र आधी उपाय संपवले, मग निर्णय घेतला, हा क्रम मला पटतो.

चंद्री आणखी तीन वर्षं जगली. शेवटी आतड्याचं दुखणं निघालं, दोन डॉक्टर येऊन गेले, औषध लागू पडलं नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "चार मोजलीस?" मी हो म्हटलं. मग त्यांनी तुळशीचं पाणी आणून माझ्या हाती दिलं. मी दोन बोटं त्यात बुडवली आणि तिच्या कपाळाला लावली.